शांत राहण्याचं औषध

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी सकाळी शामलाच्या कपाळाला आठी पडली ती जायफळ सापडत नव्हतं म्हणून. पण त्या घरात तिच्या आठीला साधी आठी राहण्याची मुभा उरली नव्हती. रुखमाबाई स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हणाल्या, "झालं का वं सुरू? डॉक्टरीणबाईनं काय सांगतलं होतं? डोक्याले ताप घ्यायचा नाही."

"जायफळ शोधून राहिली मी, बाई."

"थेच म्हणतो मी. शांततेनं शोध."

सासूबाई गेल्या. शामलाने जायफळाचा नाद सोडून वेलदोडेच कुटायला घेतले आणि खलबत्त्यावर जरा जास्तच जोर काढला. शांततेनं शोध, शांततेनं जेव, शांततेनं झोप. दोन वर्षं हेच ऐकून तिचे कान किटले होते.

दोन वर्षांपूर्वी धंतोलीत डॉक्टर कुसुमताईंच्या दवाखान्यात तिच्या गर्भनळ्यांची तपासणी झाली होती. पोटात कळा उठत होत्या म्हणून ती पडद्यामागच्या खाटेवर पडून राहिली आणि डॉक्टरीणबाई बाहेर जाऊन तिच्या नवऱ्याशी, रुपरावशी बोलल्या. रुपरावने घरी येऊन सांगितलं ते एवढंच, की हिनं मनावर ताण घ्यायचा नाही, शांत राहिलं पाहिजे. बस. सगळं घर हात धुऊन तिला शांत करायच्या मागे लागलं.

आधी नोकरी गेली. शामला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. अमरावती, अकोला, जबलपूर, कुणाचं कुणाशी जोडून द्यायचं, ओरडणाऱ्या शेटजींना गोड बोलून थांबवायचं, हे तिला मनापासून आवडायचं. पण दिवसभर कानाशी कलकलाट असल्यावर पोटात गर्भ कसा टिकेल, असं रुखमाबाईंना वाटलं आणि राजीनामा लिहून झाला. मग तिखट बंद झालं, कारण तिखटानं माणूस चिडतं. सिनेमा बंद झाला, कारण सिनेमात रडतात. माहेरी आईशी तिचे खटके उडायचे म्हणून माहेरही बंद झालं. आत्याबाईंनी, म्हणजे सासऱ्यांच्या बहिणीनं, बायजाबाईंनी, तिच्या हातात तुळशीची माळ दिली आणि पहाटे चारला उठवून जपाला बसवायला सुरुवात केली. थंडीत कुडकुडत, अर्धवट झोपेत, शामला मणी ओढायची आणि मनातल्या मनात जी नावं घ्यायची ती देवाची नसायची.

एवढं करून दर महिन्याला ती बाजूला बसली की घराचा निकाल ठरलेला होता. ही शांत राहिली नसेल. मूल होत नाही याचं दुःख आधीही होतं, पण ते निदान तिचं स्वतःचं होतं. आता त्या दुःखाचं दुःख करायलाही बंदी होती. रडली तर महिना वाया, चिडली तर महिना वाया.

तिने पुरणाचं पातेलं दाणकन खाली ठेवलं. बाहेरून आत्याबाईंचा आवाज आला, "शांत, शामला, शांत!"

*

पुढच्या खोलीत ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोन्ही महालक्ष्म्या, नव्या लुगड्यांत उभ्या होत्या. डोक्यावर फुलोऱ्याच्या करंज्या लोंबत होत्या आणि पायाशी त्यांची बाळं. धाकटी सून गोपिका सातव्या महिन्याचं पोट सांभाळत त्या बाळांच्या गळ्यात मण्यांच्या माळा घालत होती. हे काम दरवर्षी तिचंच. त्या घरात बाळांना फक्त लेकुरवाळीनं हात लावायचा. शामला लग्नाला आठ वर्षं होऊनही त्यांच्याकडे लांबून पाहायची, आणि आत्याबाईंनी तर आयुष्यात कधी हात लावला नव्हता. तरुणपणीच त्यांना नवऱ्यानं मूल होत नाही म्हणून भावाच्या दारात आणून सोडलं होतं.

रुखमाबाई गोपिकाजवळ येऊन बसल्या आणि दुकानातून अजून दोन पराती मागवल्या आहेत असं सांगावं, तशा सुरात म्हणाल्या, "आज सगळे सोयरे येऊन राहिले. जेवणाच्या वक्ताले मी जाहीर करून टाकतो. तुहं हे लेकरू शामलाच्या ओटीत."

गोपिकाला आधी कळलंच नाही. "कोणतं लेकरू?"

"पोटातलं. तुले दोन आहेत न? तिचा जीव शांत होईल. देवीसमोर शब्द दिला की कोणी मागं घेत नाही."

"मले तर कोणी विचारलं नाही, बाई."

"अनंताले विचारलं. तो हो म्हणाला."

अनंत म्हणजे तिचा नवरा. आठवडाभर तो तिच्या नजरेला नजर देत नव्हता, ते यासाठी. गोपिकाच्या हातातली माळ तुटली आणि मणी सतरंजीवर पांगले. ती उठली, भिंतीला धरत, आणि तरातरा स्वयंपाकघरात गेली. मनात तिने सगळं ठरवून टाकलं होतं. हे मोठीनंच मागितलं असणार. दोन वर्षं गोगलगायीसारखी गप्प बसते आणि आतून हे शिजवते.

"तुमाले लाज नाही वाटली, ताई?"

शामला पुरण वाटता वाटता थांबली. "काय झालं वं?"

"मी पोटात वाढवू, मी उलट्या काढू, आन् तुम्ही बसल्या जागी पदर पसरसान? माझं लेकरू म्हणजे काय दुकानातली पितळेची वाटी आहे का?"

"गोपिका, काय बोलून राहिली तू? नीट सांग."

गोपिकाने सांगितलं. सांगताना तिच्या लक्षात आलं की जावेचा चेहरा पांढरा पडला आहे, आणि मग लाल व्हायला लागला आहे. पाट्यावरचा वरवंटा शामलाने हळूच बाजूला ठेवला.

"मले कोणी विचारलं असं वाटते तुले?" ती म्हणाली. "मले या घरात भाजीत मीठ किती घालायचं हेबी कोणी विचारत नाही. मी कशाले मागीन तुहं लेकरू? उद्या तू इकडून पाहाशील, मी तिकडून, आन् ते रडलं की दोघी उठू. असं लेकरू नाही पाहिजे मले."

"मग म्हणा न तसं."

"म्हणीन."

"म्हणसान? तुम्ही?" गोपिकाला हसू आलं नि रडूही. "तुम्ही तर कधी चढ्या आवाजात बोलत नाही."

"बोलत नाही म्हणजे येत नाही असं नाही," शामला म्हणाली. "ट्रंक कॉलवर शेटजी लोकाईले गप केलं आहे मी. पाणी पे. बस इथं."

*

खाली इतवारीच्या गल्लीत हातगाड्यांच्या गर्दीत एक सायकलरिक्षा अडकली होती, आणि वडिलांच्या, रामाजींच्या, भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर उभा असलेला रुपराव मनोमन ती तिथंच अडकून राहावी म्हणत होता. रिक्षात डॉक्टर कुसुमताई बसल्या होत्या, हिरव्या काठापदराच्या लुगड्यात, हातात नारळ घेऊन.

त्याने आईला परोपरीने सांगितलं होतं. "माय, डॉक्टरीणबाईले काहून बोलावते? मोठ्या लोकाईले टाइम नसते." पण रुखमाबाईंचा हट्ट. गोपिकाचं बाळंतपण त्याच करणार होत्या, तर त्यांना सवाष्ण म्हणून ज्येष्ठेच्या जागी जेवायला बसवायचं. शिवाय शामलालाही त्या शांत राहण्याचे दोन शब्द सांगतील. हाच शेवटचा मुद्दा रुपरावला नको होता.

कारण दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या, ते त्याला शब्दन् शब्द पाठ होतं. तो खोटं बोलला नव्हता. असं तो स्वतःला रोज सांगायचा. फक्त सगळं सांगितलं नव्हतं. त्यांनी बोलावलं होतं त्या सोमवारी तो धंतोलीपर्यंत गेलाही होता. फाटकातून आत पाहिलं तर बाकावर दुकानाचं एक गिऱ्हाईक बायकोसोबत बसलेलं. रुपराव तसाच मागे फिरला. पुढल्या सोमवारी जाऊ, म्हणाला. पुढल्या सोमवारी लग्नसराईचा माल आला. मग बायकोनं नोकरी सोडली, जप सुरू केला, घर सगळं तिच्या मागे लागलं, आणि कुणी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. ते त्याला सोयीचं झालं. माणूस वाईट नव्हता तो, पण असली सोय माणसाला वाईट करायला पुरते.

रिक्षा सुटली. "काय रुपराव," कुसुमताई उतरता उतरता हसून म्हणाल्या, "तुम्ही तर दवाखान्याची वाटच विसरलात."

"या न, या," रुपराव म्हणाला आणि त्यांच्या हातातला नारळ उगाचच स्वतःच्या हातात घेतला.

*

नैवेद्य झाला. समोरासमोर दोन पंगती बसल्या. ज्येष्ठेच्या जागी कुसुमताई, कनिष्ठेच्या जागी काटोलकडची एक नात्यातली सवाष्ण, आणि भिंतीला लागून रामाजी, अनंत आणि गावाकडचे सोयरे. आत्याबाई कोपऱ्यात विडे लावत होत्या. रुपराव पाण्याचा तांब्या घेऊन फिरत होता. शामला पदर कमरेला घट्ट खोचून तूप वाढत होती.

"कशा आहात?" कुसुमताईंनी तिला विचारलं. "वाळलात हो."

"शांत आहे," शामला म्हणाली.

असं उत्तर कुसुमताईंना अपेक्षित नव्हतं. त्या काही बोलणार तोच रुखमाबाई उभ्या राहिल्या. त्यांनी वाकून ज्येष्ठेच्या पायाशी असलेलं बाळ उचललं, दोन्ही हातांत धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायला लागल्या.

"सगळे आपलेच लोक आहेत म्हणून बोलतो. माझ्या मोठ्या सुनेच्या नशिबात लेकरू नाही. तिच्यात दोष आहे. देवधर्म केला, डॉक्टर केले. पण आमच्या घरात दुजाभाव नाही. गोपिकाचं येणारं लेकरू आज देवीसमोर मी हिच्या ओटीत घालतो. शामला, पदर पसर."

पंगतीतले हात थांबले. कुणीतरी "वा, वा" म्हणालं. अनंत पानातल्या वड्याकडे पाहत बसला. रुखमाबाई बाळ घेऊन शामलासमोर आल्या. शामलाच्या एका हातात तुपाची वाटी होती, दुसऱ्या हातात पळी. तिने दोन्ही सोडलं नाही, आणि पदरही सोडला नाही.

"पसर न वं पदर!"

"नाही."

"काय?"

"नाही पसरत, बाई."

"रुखमाबाई," कुसुमताईंनी हातातला घास खाली ठेवला, "हिच्यात दोष आहे असं कोण म्हणालं?"

"आता बाप्पा! तुम्हीच नाही का? तपासलं तवा. हिच्या डोक्याले ताण आहे, म्हणून..."

"मी? मला हिच्यात काहीच वावगं सापडलं नव्हतं. सगळं व्यवस्थित होतं. मी रुपरावांना म्हटलं, आता तुमची तपासणी करू, येत्या सोमवारी या. आणि तोवर घरात कुणी हिला टोचून बोलू नका, तिच्या जिवाला जरा आराम द्या." बोलता बोलताच त्यांना जाणवलं की आपण काय करून बसलो आहोत. त्यांनी रुपरावकडे पाहिलं. "मला वाटलं, तुम्ही दुसरीकडे करून घेतली असेल. हे मी इथं बोलायला नको होतं."

"बरं झालं बोलल्या," शामला म्हणाली.

तिने तुपाची वाटी पाटावर ठेवली आणि नवऱ्याकडे वळली. रुपरावच्या हातातल्या तांब्यातून पाणी ठिबकत होतं.

"खरं आहे?"

"मी जाणारच होतो," रुपराव म्हणाला.

"कधी?"

रामाजींनी घसा खाकरला. "अरे, पण सांगाचं तर होतं गा एकदा."

"शामला, आता शांत राहा," रुखमाबाई घाईने म्हणाल्या. बाळ अजून त्यांच्या हातातच होतं. "देवी बसल्या आहेत घरात. सोयरे जेवून राहिले. डोक्याले ताप..."

"नाही राहत शांत!"

हा आवाज त्या घरानं ऐकला नव्हता. खाली दुकानातला नोकरही जिन्याशी येऊन थबकला.

"दोन वर्षं मी शांत आहे. नोकरी सोडली. अळणी खाल्लं. आईचं तोंड नाही पाहिलं. पहाटे उठून माळ ओढली. दर महिन्याले बाजूले बसली की मीच मनात म्हणो, शामला, तूच कुठं चिडली असशील, त्या दिवशी दुधावरून बोलली तेच भोवलं. म्हणजे तुम्ही मले बोलले थे तं बोललेच, मीबी मले बोलली. आन् हा माणूस रोज रात्री माझ्या बाजूच्या खाटेवर पडून सगळं पाहत होता!" ती रुपरावच्या अगदी समोर गेली. "एक रात्र तरी वाटलं का, की हिले सांगावं? मी भांडली नसती. मी तुमच्या संगं आली असती दवाखान्यात. लोकाईनं पाहिलं असतं तर म्हटलं असतं, माझ्यासाठीच आलो. एवढंबी झाकून घेतलं असतं मी."

रुपरावच्या डोळ्यांत पाणी होतं, पण त्या पाण्याचं त्या क्षणी कुणालाच कौतुक नव्हतं.

रुखमाबाई लेकापुढे आल्या. "माणसात कुठं दोष असते का वं? आमच्या घराण्यात असं कधी ऐकलं नाही. बाईचंच काही..."

"माझ्या मागून त्यानं दोन केल्या."

हे कोपऱ्यातून आलं. आत्याबाईंच्या हातात पान होतं, आणि त्यावर चुना तसाच राहिला होता.

"कोणी?" रुखमाबाईंनी विचारलं.

"माझ्या मालकानं. मले इथं आणून सोडलं, आन् मागून दोन केल्या. एकीलेबी लेकरू झालं नाही. थो तसाच मेला." बायजाबाई सावकाश बोलत होत्या, जणू स्वतःलाच वाचून दाखवत होत्या. "तुमाले सगळ्याईले माहीत होतं. मलेबी माहीत होतं. आन् मी जलमभर म्हटलं, माझंच काही पाप असंन. आन् दोन वर्षं हिले पहाटे उठवलं मी."

रामाजी बहिणीकडे पाहू शकले नाहीत. त्यांच्याच दारात तिला सोडलं होतं, आणि त्यांनीही कधी हा हिशेब मांडला नव्हता. पंगतीत कुणी वड्याला हात लावत नव्हतं.

गोपिका दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती पुढे आली आणि जावेच्या शेजारी उभी राहिली. "माझं लेकरू मी कोणालेच देत नाही," ती म्हणाली. "ताईनं मागितलंबी नाही." मग तिने अनंताकडे पाहिलं. "तुम्ही हो म्हणाले न मायले? मग पुढचे दोन महिने पोटातबी तुम्हीच वागवा."

काटोलच्या सवाष्णीला हसू आवरलं नाही. तिने ते पदरात दाबलं.

आत्याबाई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवत त्या रुखमाबाईंपर्यंत आल्या आणि त्यांच्या हातातलं बाळ त्यांनी काढून घेतलं. रुखमाबाईंच्या तोंडून "अवं, तुमी हात..." एवढंच निघालं. बायजाबाईंनी बाळाची टोपी सरळ केली आणि ज्येष्ठेच्या पायाशी त्याला नीट उभं केलं.

"सोमवारी तुम्ही दवाखान्यात जा, नाहीतर नका जाऊ," शामला नवऱ्याला म्हणाली. आवाज आता खाली आला होता, पण राग जिथल्या तिथं होता. "मी एक्स्चेंजमध्ये जाऊन राहिली. घेतात का परत, विचारतो. नाही घेतलं तर दुसरीकडं पाहीन. लेकरू होईल का नाही, मले माहीत नाही. पण याच्यापुढं शांत राहायचं औषध मी घेणार नाही."

"जाय," रामाजी म्हणाले. बायको काही बोलायच्या आत त्यांनी हात वर केला. "पंगत वाढा. डॉक्टरीणबाई, जेवा तुम्ही."

कुसुमताईंनी जेवण संपवलं. जाताना शामलाच्या ओटीत नारळ घालताना त्या हळूच म्हणाल्या, "चुकलं माझं. त्या दिवशी पडद्यामागे येऊन तुम्हालाच सांगायला हवं होतं." शामला त्यांच्या पाया पडली, पण त्यांचं काही चुकलं नाही असं मात्र म्हणाली नाही.

ऊन गच्चीवरून उतरायला लागलं तेव्हा घरच्यांची पंगत बसली. शामलाने स्वतःच्या ताटात मिरचीचा ठेचा वाढून घेतला, चांगला दोन चमचे. पहिल्या घासाला तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आलं आणि ती जेवत राहिली. गोपिका शेजारी बसून तिला पाणी देत होती. समोर रुपराव मान खाली घालून बसला होता. पुरणपोळीचा तुकडा त्याने मोडला होता, तो तसाच होता.

रुखमाबाई लेकाजवळ सरकल्या, त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "खाय बाबा दोन घास," त्या मायेनं म्हणाल्या. "असा डोक्याले ताप नको घेऊ. तू शांत राहा."

शामलाचा हात तोंडाशीच थांबला. तिने गोपिकाकडे पाहिलं, गोपिकाने तिच्याकडे.

"बरोबर आहे," शामला म्हणाली. "गोपिका, त्याईच्या पानातला ठेचा उचल. तिखटानं माणूस चिडते."

गोपिकाने खरंच ठेचा उचलला. रुखमाबाई काही बोलणार होत्या, पण आत्याबाई देवघराकडून येत होत्या आणि त्यांच्या हातात ती तुळशीची माळ होती. ती त्यांनी रुपरावच्या पानाशेजारी ठेवली.

"पहाटे चारले," बायजाबाई भाच्याला म्हणाल्या. "मी उठवतो तुले."